कोटी रुपये मिळाले तर गोधडी शिवणं सोडाल का?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण. बोलणाऱ्या ताई नागरा, जिल्हा गोंदिया येथील बचत गटाच्या सदस्य आहेत.)

  

मी नागऱ्याहून बोलते आहे. महाशिवरात्रीला तुमच्यापैकी पुष्कळ जणी आमच्या गावच्या शिवमंदिरात येता, जत्रेत भेटता. तेव्हा मी काही तुमच्यासाठी नवी नाही.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एका नव्या सुनेने सहज विचारलं, "काकू, तुम्हाले एक कोटी रुपये भेटले तर का कराल?"

मग काय विचारता! सगळ्यांच्या जिभेला पाय फुटले. एक म्हणाली, "मी रोवण्याले जाणार नाही. चिखलात वाकून वाकून कंबर गेली माझी." दुसरी म्हणाली, "पोरीचं लग्न कर्ज न काढता करीन." एक बाई कितीतरी वर्षांपासून बिड्या वळते. ती म्हणाली, "मी त्या पत्त्याचं अन् तंबाखूचं तोंड नाही पाहणार." एक आजी म्हणाल्या, "मंडईच्या रात्री नाटकाले पहिल्या रांगेत खुर्चीवर बसीन."

आमच्या गटात सरगुंडे करणारी एक बाई आहे. ती शेवटी बोलली. "मी सगळं सोडीन. पण सरगुंडे नाही सोडणार. माझ्यासारखे सरगुंडे नागऱ्यात कोण करते, सांगा?"

आम्ही सगळ्या हसलो. पण घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. बिडीवालीही बसून हाताने काम करते आणि सरगुंडेवालीही बसून हातानेच काम करते. दोघींची पाठ सारखीच दुखते. मग कोटी रुपये मिळाल्यावर एक तिचं काम त्याच दिवशी फेकून देईन म्हणते, आणि दुसरी मरेपर्यंत सोडणार नाही म्हणते. असं का?

आज मला यावरच बोलायचं आहे. भरपूर पैसा आला, तर आपल्या हाताने काही घडवण्याचं जे समाधान आहे त्याची जागा तो घेईल का?

आधी त्या दोघींचं पाहू. बिडी वळणारीला पानं दुसऱ्याची, तंबाखू दुसऱ्याचा, धागा दुसऱ्याचा. बिडी किती लांब, किती जाड, हे आधीच ठरलेलं. खराब म्हणून बाजूला काढल्या की मजुरी कापली जाते. हजारावर हिशेब. त्या कामात तिची बोटं लागतात, कसब लागतं, पण तिचं मन कुठे लागत नाही. तिने काही ठरवायचंच नसतं.

सरगुंडेवालीचं तसं नाही. गहू कोणता घ्यायचा, कणीक किती घट्ट मळायची, वळी किती बारीक काढायची, काडीवर किती हलक्या हाताने गुंडाळायची, हे सगळं ती ठरवते. उन्हाळ्यात आंब्याच्या रसासोबत कोणी तिचे सरगुंडे खाल्ले, की खाणारा न विचारता ओळखतो, हे कोणाच्या हातचे. त्या वस्तूवर ती स्वतः असते. मी घडवण्याचं काम म्हणते ते हेच. त्याला चित्र किंवा पुस्तकच लागतं असं नाही. ज्या कामात तुमचा विचार उतरतो आणि शेवटी "हे मी केलं" असं म्हणता येतं, ते काम.

आता माझ्या घरचं सांगते. सांगायला थोडा संकोच वाटतो, पण खरं तेच सांगते.

काही वर्षांपूर्वी आमची रस्त्याला लागून असलेली थोडी जमीन विकली गेली. भाव चांगला आला. एवढा पैसा आमच्या घराने कधी पाहिला नव्हता. त्या पैशाने काय काय झालं, ते आधी सांगते, कारण पैशाला नावं ठेवणं मला पटत नाही. डोक्यावरचं सगळं कर्ज फिटलं. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कौलारू घराच्या जागी पक्कं घर झालं. पावसाळ्यात रात्री उठून टपकणाऱ्या पाण्याखाली गंज ठेवायचं बंद झालं. पहिल्यांदा मी पूर्ण रात्र झोपले. ज्यांनी गरिबी पाहिली नाही, ते म्हणतात पैशाने सुख मिळत नाही. मी म्हणते, पैशाने झोप मिळते, औषध मिळतं, आणि सावकारासमोर खाली पाहावं लागत नाही. हे थोडं आहे का?

मग मुलगा म्हणाला, "आई, आता तू काहीच करू नको. खूप केलं." त्याच्या मनात माया होती. मी उन्हाळ्यात गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर लावून धावदोरा घालायचा, मधे रंगीत तुकड्यांचे चौकोन. त्याने दुकानातून मऊ मऊ ब्लँकेटं आणली आणि माझी सुई-दोऱ्याची पेटी माळ्यावर ठेवून दिली.

पहिला महिना बरा गेला. मग दुपार जाईना. टीव्ही किती पाहणार? शेजारीण आली की बोलायला विषय काय, तर कोणाच्या घरी काय आणलं. मी सुनेच्या कामात चुका काढायला लागले. तिच्या पोळीला, तिच्या झाडण्याला, सगळ्याला बोलायची. भांडणं व्हायला लागली. घरात पैसा होता, आणि घरात शांतता नव्हती. मला वाटायचं दोष सुनेचा आहे. फार उशिरा कळलं, माझे हात रिकामे होते म्हणून माझं तोंड चालत होतं.

एक दिवस सुनेनेच माळ्यावरून पेटी काढली. म्हणाली, "आई, मला गोधडी शिकवा." तिला खरंच शिकायचं होतं की मला गप्प बसवायचं होतं, हे मी अजून विचारलं नाही. पण आम्ही दोघी बसलो. आज ती माझ्यापेक्षा सरळ टाका घालते.

माझा अनुभव छोटा आहे. म्हणून आता सगळ्यांना माहीत असलेल्या एका बाईंकडे येते. त्याही आपल्या विदर्भाच्याच. बबिता ताडे, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. महिन्याला मानधन १५०० रुपये. २०१९ साली 'कौन बनेगा करोडपती'मध्ये त्या खुर्चीवर बसल्या आणि एक कोटी रुपये जिंकल्या. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी तो कार्यक्रम पाहिला असेल. घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाईल होता, म्हणून स्वतःसाठी एक मोबाईल हवा, एवढीच त्यांची इच्छा होती.

एक कोटी जिंकल्यावर लोकांना वाटलं, आता ही बाई कशाला चुलीजवळ जाईल? पण त्यांनी सांगितलं, खिचडी शिजवणं सोडणार नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, त्यांचं त्या कामाशी नातं १५०० रुपयांचं नव्हतंच. शेकडो पोरं आपल्या हातचं पोटभर खातात, हे काही पगारात मोजता येत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एवढं ज्ञान असलेली, एवढं काम करणारी बाई महिन्याला १५०० रुपयांवर काम करत होती. काम आवडतं म्हणून मजुरी कमी चालेल, असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. यावर मी पुन्हा येणार आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, एक कोटी म्हणजे खूप झाले, पण खरी मोठी श्रीमंती वेगळी. तर शंभर वर्षांमागची गोष्ट सांगते. दादासाहेब फाळके. आपल्या देशातला पहिला मोठा कथाचित्रपट 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी काढला, तो ३ मे १९१३ ला मुंबईत लागला. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांच्या बायकोबद्दल, सरस्वतीबाईंबद्दल बोलायचं आहे.

सिनेमासाठी पैसा नव्हता तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. एवढं तर आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी नवऱ्यासाठी केलं आहे. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. त्या वेळी कच्ची फिल्म यायची, तिच्या कडेला भोकं पाडावी लागायची. ती अंधारात पाडायला त्या शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायला शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांच्या तोंडावर उजेड पाडायच्या. आणि एवढं करून सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. आज सिनेमात या एकेका कामाला वेगळा माणूस असतो.

मग यश आलं. १९१७ च्या 'लंकादहन'ला तर एवढी गर्दी, की तिकिटाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, असं सांगतात. पुढच्या वर्षी पैसेवाले भागीदार घेऊन मोठी कंपनी निघाली. आता भांडवल होतं, पगार होता, चिंता नव्हती. पण काम कसं करायचं यावरून भागीदारांशी पटेना. फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तिथे स्वस्थ बसले का? नाही. तिथे बसून 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. काही वर्षांनी परत सिनेमाकडे आले.

म्हणजे पाहा, पैसा समोर होता. पण आपल्या मनासारखं घडवता येत नाही म्हटल्यावर माणूस उठून गेला, आणि गेला तिथेही घडवतच बसला.

पण या गोष्टीची दुसरी बाजू मी लपवणार नाही. फाळक्यांनी पुढे पैसा राखला नाही. १९४४ साली नाशिकला वारले तेव्हा ते दिवस राहिले नव्हते. घडवण्याच्या ओढीपायी घरच्यांनी किती सोसलं असेल, ते तुम्हा-मला जास्त कळतं. म्हणून मी असं म्हणणार नाही की पैसा गेला तरी चालेल, कला राहू द्या. उपाशी पोटी कला कोणाला सुचते? पैसा आणि घडवण्याचं समाधान, ही दोन वेगळी भांडी आहेत. एकातलं पाणी दुसऱ्यात ओतून चालत नाही. पैशाचं भांडं काठोकाठ भरलं तरी दुसरं कोरडं राहू शकतं. आणि दुसरं भरलं म्हणून पहिल्याची गरज संपत नाही.

दुसरं भांडं पैशाशिवायही भरतं, याचं उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. १८८० साली जळगावजवळ असोद्याला जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तरुणपणी वैधव्य आलं. शेतात राबता राबता, जात्यावर दळता दळता त्यांना गाणी सुचायची. कोणी मागितली नव्हती, कोणी पैसे देणार नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने ती लिहून ठेवली म्हणून राहिली. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि पुस्तक १९५२ ला आलं. म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या नावाच्या पदव्या पोरं घेतात.

आपल्याकडे रोवण्याच्या वेळी बांधीत बाया गाणी म्हणतात. रोवणा मजुरीसाठी, पण गाणं कोणासाठी? मालक गाण्याचे पैसे देत नाही. चिखलात उभं राहून, पावसात भिजून, हातात परे घेऊन बाया नवी ओळ जुळवतात आणि पूर्ण रांग ती उचलते. तेवढा वेळ ती बांधी मालकाची नसते, त्यांची असते. त्यातली किती गाणी कोणी लिहून घेतली? आपल्या आजीची किती जणींना आठवतात?

श्रीमंतीचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. बिडीच्या धंद्यातून इथे मोठी श्रीमंती उभी राहिली. त्या धंद्यातले मनोहरभाई पटेल यांचं नाव गोंदियात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या तिजोरीत किती पैसा होता, हे आज कोणाला सांगता येणार नाही. पण १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली, त्यातून शाळा-कॉलेजं उभी राहिली, हे लोक सांगतात. श्रीमंताचंही शेवटी त्याने काय उभं केलं तेच मागे राहतं. आणि हेही विसरू नका, त्या धंद्याचा पैसा हजारो बायांच्या बोटांतून निघाला होता. त्या बायांची नावं कोणत्याही पाटीवर नाहीत.

आता मघाशी सोडलेल्या गोष्टीवर येते. ती आपल्या गटासाठी फार कामाची आहे.

"तुला आवडते ना? मग पैसे कायले पाहिजे?" हे वाक्य किती जणींनी ऐकलं आहे? लग्नघरी रात्रभर मेंदी काढायची, मांडवात रांगोळी काढायची, पापड-कुरडया करून द्यायच्या. शेवटी हातावर ब्लाऊजपीस. समाधान मिळालं ना, बस झालं! मैत्रिणींनो, समाधान आपण स्वतः मिळवलं, ते घेणाऱ्याने दिलं नाही. त्याने फक्त वस्तू घेतली. वस्तूचा दाम त्याने द्यायलाच पाहिजे.

माझ्या गोधडीचा हिशेब सांगते. समजा दोरा, वरचं कापड, अस्तर मिळून ३०० रुपये लागले. रोज दोन तास, २५ दिवस शिवली, तर ५० तास झाले. ताशी ३० रुपये धरले तरी मजुरी १५०० होते. म्हणजे १८०० रुपयांच्या खाली मी ती विकली, तर मी माझ्याच खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देते. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाच धक्का बसला. मी आधी ५०० रुपयांत देत होते आणि वर धन्यवाद म्हणत होते!

पण एक सावधगिरी. सगळंच विकायला काढू नका. मी वर्षाला चार गोधड्या विकायला शिवते, गिऱ्हाईक म्हणेल त्या रंगात. पाचवी माझी. तिचे चौकोन मी ठरवते, वेळ लागेल तेवढा लागू देते. ती पाचवी नसती, तर चार गोधड्यांची मला बिडीच झाली असती.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्त्याची वही बंद झाली की तीन प्रश्न एकमेकींना विचारा. पहिला, तुला कोणी न सांगता, पैसे न देता काय करावंसं वाटतं? दुसरा, ते विकत असशील तर तुझ्या तासांचे पैसे धरतेस का? तिसरा, ते करायला दिवसातला एक तास तुझ्या घरी मिळतो का, आणि नसेल तर कोण अडवतं? तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळ जणी गप्प बसतील. घाई करू नका, थांबा. आमच्याकडे एक बाई पंधरा मिनिटांनी बोलली. म्हणाली, "कोणीच नाही अडवत. मीच म्हणते, आधी सगळ्यांचं होऊ दे." ते "सगळ्यांचं" तिचं तीस वर्षांत झालं नव्हतं.

आणि घरात पैसा आला तर आनंदाने घ्या. कर्ज फेडा, पोरीला शिकवा, गुडघ्याचं औषध करा. फक्त म्हाताऱ्या आईची, सासूची सुई-दोऱ्याची पेटी माळ्यावर टाकू नका. मायेनेही टाकू नका. तिला "आता तू बस" म्हणण्याआधी विचारा, "तुला काय करायचं आहे?"

आमच्या गटातल्या सरगुंडेवालीला मी कालच विचारलं, "खरंच कोटी आले तरी करशील?" ती म्हणाली, "करीन ना. पण मंग गहू चांगला घेईन, अन् मदतीले दोन पोरी ठेवीन, त्याहीले शिकवीन."

कोटी रुपयांचा यापेक्षा चांगला खर्च मला तरी सुचला नाही.